कचेरीची इमारत आणि तालुक्याचा रस्ता

तालुक्याच्या गावी नवी मध्यवर्ती प्रशासकीय इमारत बांधायचे ठरते तेव्हा जागा, निधी, मजले आणि कोनशिलेवरची नावे यांविषयी पुष्कळ चर्चा होते. त्या इमारतीकडे येणारी माणसे कोणत्या रस्त्याने, किती वाजता आणि कशात बसून येतील, हा प्रश्न मात्र बहुधा उद्घाटन उरकल्यावर, फाटकाबाहेर लागलेल्या मोटारसायकलींमुळे एसटीला वळता येईनासे झाले की उपस्थित होतो. हाच प्रश्न पाया खणण्यापूर्वी मोजमाप करून सोडविण्याच्या पद्धतीला वाहतूक परिणाम मूल्यांकन म्हणतात. इमारत उभी राहिली नसती तर रस्त्याची जी स्थिती राहिली असती आणि ती उभी राहिल्यावर जी होईल, त्या दोहोंतील अंतर काढणे हे त्याचे मूळ काम असून, मोठ्या शहरांतील मॉल आणि गृहसंकुलांसाठी ही पद्धत आता रूढ झाली आहे. जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या मेढ्यासारख्या गावाला ती जशीच्या तशी लावता येत नाही, आणि न लावण्याची कारणे पाहिली की सरकारी इमारतीचा रस्त्यावरचा भार नेमका कशातून उपजतो हे अधिक स्पष्ट होते.

मेढा वेण्णा नदीच्या खोऱ्यात, सातारा ते महाबळेश्वर या रस्त्यावर, साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. महाबळेश्वरला जाणारे बहुतेक पर्यटक वाई आणि पाचगणीच्या बाजूने जात असले तरी सातारा, कराड आणि कोल्हापूरकडून येणाऱ्यांना मेढा आणि केळघरचा घाट जवळचा पडतो. शिवाय कुडाळवरून पाचवडला पुणे-बंगळूर महामार्गाला मिळणारा रस्ताही येथूनच निघतो. त्यामुळे गावातून जाणाऱ्या रस्त्यावर दोन अगदी वेगळ्या प्रकारची वाहतूक एकत्र येते. एक नुसती पुढे जाणारी, जिचे मेढ्यात काही काम नसते. दुसरी मेढ्यातच थांबणारी, म्हणजे तहसील, पंचायत समिती, न्यायालय, एसटी आगार, शाळा आणि बाजार यांसाठी खोऱ्यातून उतरणारी. मूल्यांकनातील पहिले काम या दोहोंना वेगळे करण्याचे असते, कारण नव्या इमारतीमुळे केवळ दुसरी वाढते, पण त्रास दोघींनाही होतो.

मोजणी करताना रस्त्याच्या कडेला माणूस बसवून किंवा कॅमेरा लावून प्रत्येक जातीचे वाहन वेगळे नोंदवितात आणि चौकात ते कोणत्या दिशेला वळले हेही टिपतात. यासाठी दिवस कोणता निवडला यावर निम्मा निष्कर्ष ठरतो. मे महिन्यातील मोजणी महाबळेश्वरच्या गाड्यांनी फुगते, जुलैतील मोजणी घाटातल्या पावसाने आणि दरडींनी आटते, आणि गौरी-गणपतीत मुंबई व नवी मुंबईहून चाकरमानी गावी आले की खोऱ्यातल्या वाहनांची संख्या एरवीच्या हिशेबात बसत नाही. म्हणून एक साधा कामाचा दिवस, एक आठवडी बाजाराचा दिवस आणि एक पर्यटन हंगामातील दिवस अशा किमान तीन मोजण्या हव्यात. एकाच दिवसाच्या आकड्यावर काढलेला अहवाल कितीही जाड असला तरी तो त्या दिवसापुरताच खरा असतो.

मोजलेली वाहने नंतर एका समान मापात आणावी लागतात, कारण मोटारसायकल आणि उसाचे दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर यांना रस्त्यावर सारखी जागा लागत नाही. या मापाला प्रवासी कार एकक किंवा व्यवहारात पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेने शहरी रस्त्यांच्या क्षमतेसाठी १९९० मध्ये जी मार्गदर्शिका काढली तिच्यात मोटारीला १, दुचाकीला तिच्या प्रमाणानुसार ०.५ ते ०.७५, रिक्षाला १.२ ते २, बस किंवा ट्रकला २.२ ते ३.७ आणि ट्रेलरसह ट्रॅक्टरला ४ ते ५ असे गुणक दिले आहेत. त्याच मार्गदर्शिकेनुसार दोन्ही बाजूंनी वाहतूक असलेल्या दोन पदरी रस्त्यावर, तो कोणत्या दर्जाचा आहे यानुसार, तासाला ९०० ते १५०० पीसीयू इतकी वाहतूक बेताची मानली जाते; दुकानांची दारे, वळणे आणि उभी वाहने जितकी जास्त, तितका आकडा ९०० कडे झुकतो. ही मार्गदर्शिका सपाट प्रदेशातील शहरांसाठी आहे, तेव्हा डोंगरउतारावरच्या गावासाठी ती वापरताना आकडे आणखी सावधपणे घ्यावे लागतात, ही गोष्ट अहवालांत सहसा नमूद होत नाही.

बेताची म्हणजे काय, हे सेवास्तर या संकल्पनेने ठरते. अमेरिकेच्या महामार्ग क्षमता पुस्तिकेच्या १९६५ च्या आवृत्तीने रस्त्याच्या स्थितीला ए पासून एफ पर्यंत श्रेणी देण्याची पद्धत आणली आणि ती जगभर पसरली. ए म्हणजे मोकळा रस्ता आणि एफ म्हणजे कोंडी. भारतीय मार्गदर्शिका मधली सी श्रेणी धरते, म्हणजे रस्त्याच्या पूर्ण क्षमतेच्या सुमारे ७० टक्के भार. उरलेले ३० टक्के वाया गेले असे नव्हे. भार क्षमतेच्या जवळ पोहोचला की विलंब एका चालीने न वाढता झपाट्याने वाढतो, आणि एक हातगाडी किंवा मागे घेताना अडकलेला एक ट्रक सगळी रांग थांबवितो.

आता एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा, नव्या इमारतीत तहसील, दुय्यम निबंधक, भूमी अभिलेख, कृषी आणि इतर कार्यालये एकत्र आली आणि दिवसाला ६०० माणसे कामासाठी येऊ लागली. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला आणि कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरविली. पण खेड्यातून येणाऱ्याची वेळ सरकार ठरवीत नाही, सकाळची एसटी ठरविते. त्यामुळे अकरा ते बारा या एका तासात यांपैकी २०० माणसे येतील असे धरावे. त्यांतील १०० दुचाकींवर आली आणि चार दुचाकींवर सरासरी पाच माणसे असली तर ८० दुचाकी होतात. ४० जण मोटारींतून, एका मोटारीत चौघे, असे आले तर १० मोटारी. उरलेले ६० एसटीने, वडापच्या सामायिक जीपने किंवा पायी. दुचाकीला ०.७५ चा गुणक लावला तर ८० दुचाकींचे ६० पीसीयू आणि मोटारींचे १०, म्हणजे त्या तासात एका दिशेने ७० पीसीयूची भर पडते. ९०० च्या मानाने ही भर आठ टक्क्यांच्या आत आहे. नेहमीच्या पद्धतीचा अहवाल येथे समाधानाने मिटतो आणि परिणाम किरकोळ असल्याचा शेरा मारून फाईल पुढे सरकते.

हा शेरा चुकीच्या जागी पाहून मारलेला असतो. धावत्या वाहनांचा भार किरकोळ असला तरी उभ्या वाहनांचा भार तसा नसतो, आणि तालुक्याच्या गावात रस्ता अडतो तो उभ्या वाहनांनी. एखाद्या ठिकाणी एका वेळी किती वाहने उभी असतील हे काढण्याचा नियम सोपा आहे: तासाला येणारी वाहने गुणिले प्रत्येक वाहन थांबण्याचे तास. वरच्या उदाहरणात माणूस सरासरी दोन तास थांबला तर गर्दीच्या सुमारास १६० दुचाकी आणि २० मोटारी आवारात किंवा आवाराबाहेर उभ्या असतील. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दुचाकीला १ बाय २ मीटर आणि मोठ्या मोटारीला २.५ बाय ५ मीटर जागा धरली आहे. त्या मापाने ५७० चौरस मीटर झाले, आणि आत-बाहेर करण्याची वाट धरली की हा आकडा साधारण दुप्पट होऊन अकरा गुंठ्यांच्या वर जातो. कर्मचाऱ्यांच्या आणि सरकारी गाड्या यात धरलेल्याच नाहीत, आणि प्रत्यक्षात आवारातील सावलीची जागा सकाळी पावणेदहालाच त्यांनी भरून गेलेली असते. उरलेली वाहने रस्त्याच्या कडेला लागतात. सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर दोन्ही कडांना दुचाकींची आडवी रांग लागली की मधे जी जागा उरते तीत समोरासमोर आलेल्या दोन एसटी एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. एकीला मागे घ्यावे लागते, तिच्यामागे वडापची जीप चिकटलेली असते, वाहक खाली उतरून शिट्टी वाजवू लागतो आणि महाबळेश्वरला निघालेली मोटार हॉर्न दाबून धरते.

मात्र तो थांबण्याचा काळ दोन तासच का धरायचा, असा प्रश्न वाहतूक अभियंता सहसा विचारीत नाही, कारण त्याच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. सातबाऱ्याचा उतारा, फेरफार, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, दस्ताची नोंदणी यांपैकी कोणत्याही कामाला प्रत्यक्ष लागणारा वेळ थोडा असतो. उरलेला वेळ मुद्रांक विक्रेत्याकडे, झेरॉक्सच्या दुकानात, सर्व्हर सुरू होण्याची वाट पाहण्यात आणि साहेब मीटिंगहून येईपर्यंत बाकावर बसण्यात जातो. हेच काम अर्ध्या तासात उरकले तर वरच्याच गर्दीला १६० ऐवजी ४० दुचाकींची आणि २० ऐवजी ५ मोटारींची जागा लागेल, म्हणजे अकरा गुंठ्यांचे काम तीन गुंठ्यांच्या आत भागेल.

त्याहून मोठा फरक पडतो तो खेट्यांचा. एका कामासाठी सरासरी तीन खेटे घालावे लागत असतील तर रोजच्या ६०० माणसांमागे पूर्ण होणारी कामे २०० च असतात आणि उरलेली ४०० माणसे "उद्या या" या उत्तरामुळे रस्त्यावर आलेली असतात. एक काम एका खेपेत, अर्ध्या तासात झाले तर येणाऱ्यांची संख्या तिपटीने आणि उभ्या वाहनांची संख्या बारापटीने घटते. कोणताही उड्डाणपूल किंवा वाहनतळ इतका परिणाम साधू शकत नाही. हे गणित जावळीत विशेष तीव्रतेने लागू पडते, कारण तालुक्याचा एक भाग कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी आहे आणि बामणोलीच्या बाजूच्या काही गावांतील माणसाला आधी लाँचने पाणी ओलांडून मग गाडी धरावी लागते. त्याचा एक खेटा म्हणजे एक बुडालेला दिवस असतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदती घातल्या आणि आपले सरकार सेवा केंद्रे गावोगाव निघाली, त्याने काही खेटे नक्कीच वाचले आहेत. इतर काही खेटे तालुक्याच्या गावाऐवजी जवळच्या बाजारगावापर्यंतच आखूड झाले आहेत. तेव्हा नव्या इमारतीचे मूल्यांकन करताना प्रत्येक कार्यालयातील कोणते काम किती खेपांत होते याची पाहणी वाहनांच्या मोजणीइतकीच आवश्यक ठरते, आणि ती करायला कॅमेराही लागत नाही. बाकावर बसलेल्यांना आज कितव्यांदा आलात एवढेच विचारायचे असते.

यानंतरचा प्रश्न जागेचा. इमारत बाजारपेठेत ठेवावी की गावाबाहेरच्या मोकळ्या गायरानावर न्यावी, या वादाला सातारा आणि सांगली या शेजारच्या जिल्हा मुख्यालयांनी दोन वेगळी उत्तरे दिली आहेत. साताऱ्यात जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय आणि मध्यवर्ती बसस्थानक पोवई नाक्याच्या परिसरात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहिले. कामासाठी आलेल्या माणसाला एसटीतून उतरून पायी सगळी कार्यालये गाठता येतात हा त्याचा लाभ. नाक्यावर सगळ्या दिशांची वाहने एकवटतात ही त्याची किंमत, आणि ती फेडण्यासाठी तेथे जमिनीखालून रस्ते काढावे लागले. सातारकर ज्याला ग्रेड सेपरेटर म्हणतात तो भुयारी मार्ग जानेवारी २०२१ मध्ये वाहतुकीसाठी खुला झाला.

सांगलीने उलट वाट धरली. १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने जिल्हा झाल्यापासून (सांगली हे नाव १९६० मध्ये आले) जिल्ह्याचा कारभार जुन्या शहरातील राजवाड्याच्या आवारातून दीर्घकाळ चालला. पुढे जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय सांगली-मिरज रस्त्यावरच्या विजयनगरला गेले. राजवाडा चौकातील दाटी हलकी झाली; २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी जुन्या बाजारपेठेत शिरले तेव्हा या स्थलांतराला वाहतुकीपलीकडचाही अर्थ आला. परंतु जुन्या शहरात बाजार आणि कचेरी एका फेरीत करणाऱ्याला आता दोन ठिकाणे करावी लागतात, आणि मुख्य बसस्थानकावर उतरलेल्या माणसाला पुढे सिटी बस किंवा रिक्षा पाहावी लागते. एका चौकातील विलंब कमी झाला, एकूण प्रवास लांबला.

या दोन उत्तरांपैकी बरे कोणते, हे मापक कोणता वापरला यावर ठरते. चौकातील विलंब मोजला तर गावाबाहेरची जागा नेहमी जिंकते, आणि अनेक दशके जगभर तेच मोजले गेले. कॅलिफोर्निया राज्याने २०१३ च्या कायद्याने ही पद्धत बदलायला घेतली आणि जुलै २०२० पासून तेथे नव्या प्रकल्पाचा पर्यावरणीय परिणाम चौकातील विलंबाऐवजी त्याच्यामुळे वाहने एकूण किती अंतर धावतील यावर जोखला जातो. ब्रिटनमध्ये कॉलिन ब्युकॅनन यांच्या १९६३ च्या अहवालाने त्याआधीच असे मांडले होते की वाहतूक इमारतींमधून, म्हणजे त्यांत चालणाऱ्या व्यवहारांमधून उपजते आणि म्हणून रस्ते व इमारती यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही. मेढ्यासारख्या ठिकाणी, जेथे येणाऱ्यांतील मोठा वर्ग अजून एसटी आणि वडापवर अवलंबून आहे, तेथे स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांच्या आत नसलेली जागा स्वस्त असली तरी महाग पडते, कारण पायी येणारा प्रत्येक माणूस तेथे रिक्षाचा किंवा दुचाकीचा प्रवासी बनतो. इंडियन रोड्स काँग्रेसने पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. स्थानक ते कचेरी एवढ्या टप्प्यात तरी ती राखली गेली तर त्या खर्चाचा परतावा वाहनतळापेक्षा अधिक मिळेल.

व्यवहाराचे केंद्र हलविण्याचा याहून मोठा अनुभव जावळीच्या माणसांच्या गाठीशी आहे. १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईचा भार खाडीपलीकडे नेण्याची कल्पना मांडली आणि त्यासाठी १९७० मध्ये सिडको हे महामंडळ स्थापन झाले. राज्याची मुख्य कचेरी तिकडे गेली नाही. मंत्रालय जेथे होते तेथेच राहिले, शेजारी नरिमन पॉइंटला भराव घालून मनोरे उभे राहिले आणि बेलापूरच्या वाट्याला कोकण भवन आले. घाऊक बाजार मात्र १९८० आणि १९९० च्या दशकांत खरोखरच वाशीला हलले, त्यांच्याबरोबर माथाडी कामगार हलले, आणि त्यांच्यात जावळी व पाटण तालुक्यांतील माणसे मोठ्या संख्येने होती. दक्षिण मुंबईच्या गल्ल्यांतील ट्रक कमी झाले. कामगारांची बिऱ्हाडे कोपरखैरणे, घणसोली आणि ऐरोलीत गेली. रस्त्याचा प्रश्न सोडविण्यासाठी घेतलेला निर्णय माणसांच्या राहण्याचा नकाशा बदलतो, याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

कायदा याबाबत लहान गावांना फारसा हात देत नाही. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पूर्वमंजुरी लागते आणि तिच्या अर्जात वाहतुकीचा विचार करावा लागतो; तालुक्याची प्रशासकीय इमारत सहसा त्याहून पुष्कळ लहान असते, त्यामुळे वाहनतळाचा तक्ता भरला की औपचारिकता संपते. एक गोष्ट मात्र अनुकूल आहे. अशी इमारत बहुधा सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो आणि गावातून जाणारे अनेक प्रमुख रस्तेही त्याच विभागाच्या ताब्यात असतात. तेव्हा इमारतीच्या अंदाजपत्रकातच फाटकासमोरचा वळणपट्टा, एसटीचा थांबा आणि पदपथ घालायला दुसऱ्या खात्याच्या दारात जावे लागत नाही. नगरपंचायतीने फेरीवाल्यांची जागा आणि पोलिसांनी सम-विषम पार्किंगची अधिसूचना एवढे आपापले काम केले तर पुरते.

बांधकामाच्या काळाचा हिशेबही याच अंदाजपत्रकात बसायला हवा, आणि तो सहसा कोणीच करीत नाही. जावळीच्या पावसात पायाची आणि स्लॅबची कामे रेटणे अवघड असल्याने ती नोव्हेंबर ते मे या महिन्यांत होतात. खडी, वाळू, सिमेंट आणि सळईचे ट्रक याच महिन्यांत येतात. जिल्ह्यातला उसाचा गाळप हंगाम याच काळात असतो, लग्नसराई त्याच्याच अखेरीस येते आणि महाबळेश्वरचा उन्हाळी मोसम तिच्यावर चढतो. पीसीयूच्या गुणकात एक ट्रक चार दुचाकींहून जड ठरू शकतो, म्हणून मालवाहतुकीची वेळ सकाळी आठपूर्वीची किंवा रात्रीची ठेवण्याची अट निविदेतच घालावी लागते. काम सुरू झाल्यावर तोंडी सांगितलेली वेळ ठेकेदारावर बंधनकारक राहत नाही.